राजेसाहेब, वाजले किती?

युगोस्लाव्हियाहून परतल्यावर पहिल्याच रविवारी, मिस्सा संपल्यावर, बायकांनी मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. बर्फ बघितला का? नाही, मे महिना होता. राजवाडा? बघितला; रोमन बादशहाचा आहे, पण आता त्यात साधी माणसं संसार करतात आणि खिडक्यांतून चादरी वाळत घालतात. "मग तीन आठवडे केलंस काय?" मी म्हटलं, "पोरांचे खेळ बघितले." त्यावर शेजारच्या इनासमावशींनी कपाळाला हात लावला. "खेल बघाला येवढी लांब गेलीस? आपल्या वाडीत पोरं काय कमी हायेत?"

मावशींना पायऱ्यांवर उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही गेलो ते खेळ बघायला नव्हे, हे आधी सांगायला हवं. माझा नवरा पास्कल मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. (आम्ही नंदाखालच्या शाळेत एका वर्गात शिकलो, त्यामुळे अहो-जाहो मला कधी जमलं नाही, वाचकांनी चालवून घ्यावं.) दीड वर्षापूर्वी तो घरून निघाला, एका जहाजावर नऊ महिने काढले, आणि तिथूनच कंपनीने त्याला परस्पर स्प्लिटला धाडलं. हे स्प्लिट क्रोएशिया नावाच्या तिथल्या प्रांतातलं मोठं बंदर. तिथल्या गोदीत कंपनीचं नवं जहाज तयार होत होतं. जूनमध्ये ते निघणार आणि पास्कलही त्याच्याबरोबर, आणखी दहा महिने. मधले तीन आठवडे काय ते आमचे. तो गेला तेव्हा आमची लीना पाच वर्षांची होती, आता सातवं चालू होतं. रोज रात्री प्रार्थना झाली की ती बापाच्या फोटोचा मुका घ्यायची. पण फोटो काही बोलत नाही आणि रागावतही नाही. पोर खऱ्या बापाला ओळखेल ना, एवढी एकच धास्ती पदरात बांधून, शाळेला सुट्टी लागताच मी विमानात बसले.

स्प्लिट

विमानतळावर पास्कल हात पसरून उभा होता. एका हातात लीनाच्या कमरेएवढी बाहुली. लीना माझ्यामागे सरकली. मी तिला पुढे ढकलली तेव्हा तिने हात जोडले आणि घरी फादर आल्यावर बोलते त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत विचारलं, "आपण कसे आहात?"

पास्कल हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, ते हसणं नव्हतं. आमच्याकडे घरची बोली घरच्यांसाठी असते आणि पाहुण्यांना शाळेतली मराठी. पोरीने बापाला थेट ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं होतं.

राहायला पास्कलने जुन्या वस्तीत एक खोली घेतली होती. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं. घरं दगडाची, पायऱ्या दगडाच्या, आणि त्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी इतक्या गुळगुळीत झालेल्या की मी पहिल्याच दिवशी चार पायऱ्या बसूनच उतरले. घरमालकीण मारे, साठीपुढची, नवरा गेल्यापासून नखशिखांत काळ्या कपड्यांत. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण संध्याकाळी तिने जपमाळ काढली आणि मी माझी काढली. तिचा 'नमो मरिया' तिच्या भाषेत, माझा माझ्या. दहाव्या मण्याला दोघी बरोबर एकत्र पोचलो. इतक्या लांब येऊन मी परकी नव्हते.

तिच्यासाठी मी दोन गोष्टी नेल्या होत्या. सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, तिला फार आवडली. तिकडे अंजिरं अशीच वाळवतात. दुसरे होते सुके बोंबील, आणि तिथे घोटाळा झाला. तिकडे नाताळच्या आदल्या दिवशी सुका मासा शिजवतात. तो लाकडासारखा टणक, आधी हातोडीने बडवावा लागतो आणि मग दोन दिवस पाण्यात ठेवावा लागतो. बाईने आमच्या बोंबलांचा तोच पाहुणचार केला. तिसऱ्या दिवशी तिने अभिमानाने पातेल्यावरचं झाकण काढलं. आत जे होतं त्याला बोंबील म्हणणं म्हणजे अर्नाळ्याच्या कोळणींचा अपमान. आम्ही दोघी बघत राहिलो आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्या रात्री तिने तारल्या निखाऱ्यावर भाजल्या, वर ऑलिव्हचं तेल. मसाल्याचा पत्ता नाही, तरी मी सहा खाल्ल्या.

आता खेळांकडे येते. संध्याकाळी पाच वाजले की गल्लीत जे सुरू व्हायचं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मैदान नाही, झाड नाही, बैलगाडी वळेल एवढा चौक नाही, आणि त्या चार हात दगडात वीस पोरं! पायरी म्हणजे घर, भिंत म्हणजे हद्द, सांडपाण्याच्या दगडातलं भोक म्हणजे गोट्यांची गल. आमच्या पोरांना आख्खी वाडी आंदण मिळालेली, तरी "खेळायला जागा नाय" म्हणून रडतात. मी तर खिडकीतच जेवायला बसू लागले.

दोन पोरी इलॅस्टिकची लांब पट्टी घोट्यांत अडकवून उभ्या राहायच्या आणि तिसरीने मधे उड्या मारायच्या: आत, बाहेर, दोन्ही पाय पट्टीवर, पुन्हा बाहेर. चुकली नाही तर पट्टी घोट्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कमरेवर. मारेची नात तोंका नऊ वर्षांची, तिला मी पट्टी काखेत असतानाही उडी मारताना बघितली आणि देवाचं नाव घेतलं. खडूने घरं आखून एका पायावर खेळायचा खेळही होता, अगदी आपल्या टिक्करसारखा. फरक एवढाच की आपण लंगडीच्या पायाने टिक्कर घराघरातून सरकवत नेतो. तिकडे चपटा दगड टाकलेलं घर ओलांडून पुढे जायचं, वरून वळायचं, आणि परत येताना एका पायावर तोल सांभाळून तो उचलायचा.

तिसऱ्या दिवशी लीना खाली उतरली. कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही. रांगेत उभी राहिली, पाळी आली तशी सवयीने दगडाला पायाने टोला दिला. सगळी पोरं ओरडली. तोंकाने तिला दंडाला धरून पुन्हा रेषेवर आणलं आणि न बोलता एकदा खेळून दाखवलं. अर्ध्या तासाने मी बघते तर तोंका आमच्या पद्धतीने दगड सरकवत होती आणि लीना त्यांच्या पद्धतीने उचलत होती. आठवड्याभरात तिला दहापर्यंत आकडे आणि सगळ्या जनावरांची नावं त्यांच्या भाषेत येऊ लागली. मी पंधरा वर्षं मुलांना शिकवते आहे. इतक्या झटपट कोणाला शिकवल्याचं मला आठवत नाही.

आणि पास्कल? गोदीतून तो साडेपाचला यायचा. गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरं "बार्बा! बार्बा!" करत त्याच्या अंगावर झेपावायची. दर्यावरच्या मोठ्या माणसाला तिकडे बार्बा म्हणतात, आपल्या काकासारखं. तो त्यांना खांद्यावर घ्यायचा, गोट्यांत मुद्दाम हरायचा. परक्या पोरांचा हा लाडका बार्बा आणि स्वतःची पोर पायरीवर बसून बघते आहे. त्याने आईस्क्रीम आणलं, "थँक यू." फ्रॉक आणला, "थँक यू." बाहुलीची तर पेटीसुद्धा तिने उघडली नाही. तो जवळ बसला की ही अंग चोरून बसायची. एका रात्री तिने माझ्या कानात विचारलं, "मा, ते आपल्यासोबत घरी येनार काय?" मी म्हटलं, नाही, जहाजावर जाणार. "मग बरा," म्हणाली आणि झोपली. पास्कल दाराशी उभा होता. त्याने ऐकलं होतं.

त्या रात्री मला पोरीचा राग आला आणि कंपनीचाही आला. पण मुलीला दटावून बाप देता येत नाही.

डोंगरापलीकडे

परतीला दोन दिवस उरले होते. शेवटच्या रविवारी मारे आम्हाला तिच्या माहेरी घेऊन गेली. बरोबर तोंका आणि तिचा भाऊ आंते. बसने डोंगर ओलांडला आणि समुद्र मागे पडला, हिरवंही मागे पडलं. दगड, दगड आणि दगड. पांढरा, करडा, चहूकडे पसरलेला. मधेच जमिनीला खोल खड्डे आणि त्यांच्या तळाशी थोडीशी लाल माती. ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्याभोवती दगडांचा बांध, आणि त्या माजघराएवढ्या तुकड्यात कोबी आणि बटाटे हारीने लावलेले. मारे म्हणाली, आणि पास्कलने मला समजावून सांगितलं, यातले कितीतरी दगड तिच्या आजोबांनी आणि पणजोबांनी हातांनी वेचून काढलेत. माझं माहेर केळीच्या वाडीतलं, हात घालाल तिथे पाणी आणि खणाल तिथे माती. त्या एवढ्याशा लाल मातीपुढे मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही.

जेवण झाल्यावर मारेच्या भावाच्या अंगणात पोरं जमली आणि एकाने खिशातून जे काढलं ते बघून पास्कल लहान मुलासारखा ओरडला. विटी! दोन्ही टोकांना तासलेली, वीतभर, आणि जोडीला दांडू. तिकडे तिला क्लिस म्हणतात. दोन दगडांवर आडवी ठेवायची, दांडूने उडवायची, हवेत टोलवायची, समोरच्यांनी झेलायची. जिथे पडेल तिथून दांडूने अंतर मोजायचं. आपण वकट, लेंड, मूंड मोजतो, ते आपले साधे एक, दोन, तीन. झेल मात्र त्यांच्यात टोपीत घेतला तरी चालतो, आपल्याकडे अशाला पोरांनी बदडून काढलं असतं. सात समुद्रांपलीकडे धनगरांच्या पोरांच्या खिशात आमची विटी कशी गेली, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मला तर वाटतं, जगातल्या पोरांचं मोठ्यांना न कळवता काहीतरी आपसात ठरलेलं असावं.

पास्कल एके काळी नंदाखालचा नामांकित खेळाडू. त्याने दांडू घेतला, लीनाकडे एकदा बघून घेतलं आणि असा टोला हाणला की विटी घर, गोठा आणि त्यामागचं अंजिराचं झाड ओलांडून कायमची गेली. पोरांनी जल्लोष केला. लीना कोकराच्या कानात बोट घालत बसली होती.

उन्हं कलल्यावर तोंकाने नवा खेळ काढला. तो कसा खेळतात ते नीट सांगते, कारण सुट्टी संपल्यापासून आमच्या शाळेत तो रोज चालतो. एकजण राजा. तो घराच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. बाकीचे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रेषेवर. एकेकाने अदबीने विचारायचं, राजेसाहेब, वाजले किती? राजा वेळ सांगत नाही, पावलं सांगतो. हत्तीची दोन म्हणजे दोन लांबलचक ढांगा. बेडकाची तीन म्हणजे तीन उड्या. मुंगीची पाच म्हणजे टाचेला अंगठा जोडत पाच इवली पावलं. आणि खेकड्याची म्हणजे उलटी, मागे मागे, राजावरची नजर न हलवता. खेकड्याने वळून बघायचं नसतं. जो पहिला राजाला हात लावेल तो नवा राजा. राजाने काही झालं तरी जागा सोडायची नाही, सोडली तर बाद. मारे पायरीवर बसून वालासारख्या मोठाल्या शेंगा सोलत होती. भांडण झालं तर निवाडा तिचा.

पोरांनी बार्बाला राजा केलं. आठ पोरं रेषेवर, लीना टोकाला. इतरांना पास्कल मुंगीची, बेडकाची पावलं वाटत होता. लीनाला पहिल्यांदा मुंगीची चार मिळाली. तिने जीभ दाताखाली धरून, टाचेला अंगठा जोडून चार पावलं टाकली. पुन्हा मुंगीची सहा. मी बघत होते. गेल्या तीन आठवड्यांत ती आपणहून बापाच्या दिशेने चालताना मला पहिल्यांदाच दिसत होती. पास्कललाही ते दिसलं असावं, कारण त्याचा धीर सुटला. तिसऱ्या पाळीला तिने विचारलं आणि हा म्हणाला, "हत्तीची दहा!"

अंगणात एकच कालवा झाला. हत्तीची दहा कोणी देत नाही! आंतेने पाय आपटले. लीना जागच्या जागी उभी, लालबुंद. मारेने शेंगांतून मान वर केली आणि दोन शब्दांत निकाल दिला. पास्कलने खालमानेने मला त्याचा अर्थ सांगितला. "म्हणते, राजाला मुलगी नसते."

राजाची गादी गेली. पास्कल रेषेकडे निघाला तेव्हा वाटेत लीना उभी होती. तिचे डोळे भरले होते, हाताच्या मुठी वळल्या होत्या, आणि ती बापावर अशी ओरडली की गोठ्यातल्या मेंढ्या गप्प झाल्या.

"तुला कोनी सांगितलेला मना हत्तीची द्याला? मी येत होती ना आपली मुंगीच्या पावलांनी! येत होती ना!"

घरच्या बोलीत ती त्याच्याशी दीड वर्षात पहिल्यांदा बोलली होती. शिव्याच होत्या, पण मी पायरीवर बसले आणि पदर तोंडाला लावला.

नवा राजा ठरवायला पोरांनी गाणं म्हणत एकेकावर बोट फिरवलं आणि राजाचा मान लीनाकडे आला. ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. नाकाचा शेंडा अजून लाल होता. तोंकाला तिने बेडकाची दोन दिली, आंतेला मुंगीची सात. पास्कलची पाळी आली.

"राजेसाहेब, वाजले किती?"

"खेकड्याची तीन."

पोरं खिदळली. पास्कल रेषेवरून तीन पावलं मागे गेला. पुढच्या पाळीला खेकड्याची पाच. त्याच्या पुढच्या पाळीला खेकड्याची आठ. बाकीची पोरं राजाच्या जवळ सरकत होती आणि हा उंच, टक्कल पडू लागलेला माणूस, नजर पोरीवर रोवून, मोठ्याने मोजत, एक एक पाऊल मागे मागे जात होता. एकदाही त्याने मागे बघितलं नाही, एकदाही तक्रार केली नाही. मला वाटलं मारे काही बोलेल. ती शेंगा सोलत राहिली.

"राजेसाहेब, वाजले किती?" आता त्याला ओरडून विचारावं लागत होतं.

"खेकड्याची धा!"

सहाव्या पावलाला त्याच्या पोटऱ्या अंगणाच्या बुटक्या दगडी बांधाला लागल्या. बांधामागे कोबीचा खड्डा आहे, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत सातवं पाऊल पडलं. क्षणभर बांधावर दोन बूट दिसले, मग तेही दिसेनात.

सगळी पोरं हसत सुटली. लीना हसली नाही.

"पप्पाऽऽ!"

ती भिंत सोडून धावली. तोंकाच्या अंगावरून, आंतेला ढकलून, रेषा ओलांडून, बांधावर पोटाने लोळून पलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा पास्कल कोबीच्या दोन गड्ड्यांमधे उताणा पडला होता. कोपर खरचटलं होतं, केसांत लाल माती, बाकी धडधाकट. लीना त्याच्या छातीवर बसून त्याला बुक्के मारत होती.

"खुला हायेस काय तू? मागं बघता नय येत? लागला काय? कया लागला?"

"मागं कसा बघू?" पास्कल पडल्या पडल्याच म्हणाला. "खेकड्याचा नियम हाय."

वरून आंते ओरडत होता की राजाने जागा सोडली, राजा बाद. मारेने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"असू दे नियम," लीना म्हणाली, आणि बापाचं डोकं मांडीवर ओढून त्याच्या केसांतली माती झाडू लागली.